हॉलमधली कबर

आमच्या घराच्या हॉलमध्ये एक माणूस पुरलेला आहे. असं मी कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघतो आणि खुर्ची जराशी मागे घेतो. घाबरायचं काही कारण नाही. तो हॉल आम्हाला कधी राहायला मिळालाच नाही. पण जागा आमची होती, हॉल माझ्या आईने स्वतः आखलेला होता, आणि त्यात माझ्या बाबांनी आईला एका शब्दाने न विचारता एका पोराला मूठमाती दिली. एवढी वर्षं झाली, आता दोघंही नाहीत, तरी ती गोष्ट आठवली की माझ्या डोक्यात सणक जाते.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. बाबांना बोईसरच्या एका कारखान्यात फिटरचं काम लागलं आणि आम्ही तिकडे आलो, तेव्हा मी अजून शाळेतही जात नव्हते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कारखाने भराभर उठत होते, कामगार कुठून कुठून येत होते, आणि गावातल्या ज्याच्या त्याच्या परसात भाड्याच्या खोल्यांची रांग उभी राहत होती. माझं लहानपण त्या रांगांमध्ये गेलं. वर पत्रा, खाली कोबा आणि सगळ्या बिऱ्हाडांना मिळून अंगणात एक नळ. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, सोडा खोली. मालकाचा भाऊ गावाहून आला, सोडा खोली. आई दर वेळी भांडी गोणपाटात बांधायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. मालक, मालकाचा मुलगा, मालकाची होणारी सून, कोणी सुटायचं नाही.

बाबांचं मात्र कशावाचून अडत नसे. ते म्हणायचे, आपण या जगात पाहुणे, आपलं खरं घर वर तयार आहे. हे ते बोलायचं म्हणून बोलत नसत, तीच तर पंचाईत होती. ढोंगी असते तर आईला धड भांडता तरी आलं असतं. पत्रा गळायला लागला की ते खाट सरकवून गायन म्हणत बसायचे. बोईसरला तेव्हा आमच्या मंडळीचं चर्च नव्हतं, म्हणून रविवारची उपासना आमच्या खोलीत व्हायची आणि बाबाच ती चालवायचे. अनंतकाळापुढे हे आयुष्य म्हणजे फलाटावर गाडीची वाट बघणं, असं ते एकदा सांगत होते. आई मागे चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, फलाटावर उतरल्याबरोबर लोक आधी नळच शोधतात की. सगळी मंडळी हसली, बाबाही हसले. आई हसली नाही, कारण तिने ते विनोद म्हणून सांगितलंच नव्हतं.

शेवटी आईने हट्टच धरला. घिवलीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका म्हाताऱ्या वाडीवाल्याने आपल्या वाडीच्या कडेचा खडकाळ तुकडा विकायला काढला होता. आईच्या बांगड्या त्यात गेल्या. बाबांनी सही केली, पण चेहरा असा की जणू त्यांनाच कोणी विकत घेत होतं. मी तेव्हा नववीत होते. आईने गवंड्याकडून दोरी मागून घेतली आणि चुन्याची फक्की टाकून घर स्वतः आखलं. हा हॉल, हे स्वयंपाकघर, इथे ओटा, ओट्यालगत नळ, आणि ही माझी खोली, खिडकी समुद्राच्या बाजूला. समुद्र तिथून दिसत नव्हता, पण वारा यायचा. मावते की नाही ते बघायला मी त्या पांढऱ्या रेघांच्या आत चक्क आडवी पडले होते, आणि आई कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. तिला इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पाया खणायला घेतला. हॉलच्या बाजूचा चर खणून झाला, पुढे कातळ लागला म्हणून काम थांबलं, आणि शाळेला सुट्टी लागली तशी आई मला घेऊन नगरला माहेरी गेली. घरमालकाने दिवाळीनंतर खोली सोडायला सांगितलेलीच होती. आईचं ठरलेलं होतं: पावसाच्या आत पाया भरायचा, दिवाळीपर्यंत भिंती आणि पत्रा, आणि मग जन्मात पुन्हा कोणाच्या दारात भाडेकरू म्हणून उभं राहायचं नाही.

जूनच्या सुरुवातीला आम्ही परत आलो. स्टेशनवर बाबा दिसले नाहीत. कारखान्यात पाळी असेल, असं म्हणून आईने रिक्षा केली आणि खोलीवर न जाता सामानासकट सरळ जागेवर घ्यायला सांगितली. तिला कधी एकदा पाया बघते असं झालं होतं. रिक्षा थांबली. मी ट्रंक उतरवत होते, आई पुढे गेली. मग तिच्या हातातली पिशवी खाली पडल्याचा आवाज आला.

हॉलमध्ये मातीचा लांबट उंचवटा होता. डोक्याशी पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्यांचा क्रूस ठोकलेला आणि त्यावर सुकून काळा पडलेला चाफ्याचा हार. नाव काही नव्हतं.

आईला काय वाटलं ते मला तिथल्या तिथे कळलं, कारण मलाही तेच वाटलं. बाबा स्टेशनवर आले नव्हते. आम्ही इतके दिवस लांब, फोन कोणाकडे नाही. आई तिथेच ढेकळांवर बसली. तोंड उघडं आणि आवाज फुटत नाही. मी आई, आई करत तिला हलवत होते आणि रिक्षावाला पुन्हा पुन्हा हिंदीत विचारत होता की झालं काय.

आणि मागून सायकल आली, आणि सायकलवर बाबा. धडधाकट. पाळीवरून सुटून स्टेशनवर पोचायला त्यांना उशीर झाला होता. आम्ही कुठे गेलो असणार हे ओळखून ते मागोमाग आले होते. आई उठली, धावत गेली आणि भर रस्त्यात त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. आमच्यात नवराबायको रस्त्यावर एकमेकांचा हातही धरत नसत. मग तिने डोकं वर केलं, पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मग तो कोण आहे?"

तो आमच्याच उपासनेला येणारा पोरगा होता. रांचीकडच्या डोंगरातला आदिवासी ख्रिस्ती, बाबांच्याच कारखान्यात पॅकिंगला. रविवारी गायनाच्या वेळी आमचा पिठाचा डबा मांडीवर घेऊन ताल धरायचा. उपासना संपली की आई त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. आईला माँजी म्हणायचा, भाकरी आमटीत कुस्करून भाताच्या गोळ्यासारखी खायचा आणि आई त्याला त्यावरून चिडवायची. आम्ही नगरला निघालो तेव्हा आमची ट्रंक त्यानेच स्टेशनपर्यंत डोक्यावरून नेली होती. मे महिन्यात त्याला कावीळ झाली आणि बघता बघता गेला. मला ते खरंच वाटेना. मी त्या मातीकडे बघत होते आणि मला तो ट्रंक घेऊन पुढे चालताना दिसत होता.

आम्ही उन्हात उभ्या आणि बाबा सांगत होते. त्याच्या गावी तार केली, पण तिथून माणूस येईपर्यंत त्या उकाड्यात ठेवणार कसं? घिवलीच्या मच्छीमारांनी बोटींसाठी आणलेला बर्फ दिला, त्यात कसाबसा एक दिवस काढला. बोईसरात ख्रिस्ती कबरस्थान नव्हतंच. लांब जिथे होतं तिथे बाबा जाऊन आले. एका ठिकाणी जागा नाही म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी हा आमच्या मंडळीतला नाही म्हणाले. त्याच्या खोलीतली पोरं म्हणायला लागली, किनाऱ्याला वाळूत पुरू. कुत्री उकरतील, म्हणून बाबा नको म्हणाले. मग त्यांना आपली जागा आठवली. पोलीस पाटलाला विचारलं, वाडीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, दोघांनी होकार दिला. सगळीकडे कातळ, पहार घुसेना. माती लागली ती एकाच जागी, हॉलच्या चराच्या आतल्या बाजूला.

"मला विचारलंत?" आई म्हणाली.

बाबा म्हणाले, वेळ नव्हता. आणि मग, सवयच ती, म्हणाले की तो आता खऱ्या घरी पोचला. मला वाटलं, आता आई त्यांना फाडून खाणार. पण ती काही बोलली नाही. पिशवी उचलून रिक्षात जाऊन बसली. माझी आई गप्प बसली हे मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आठवडाभरात गवंडी आला. त्याने कबर बघितली आणि लांबूनच हात जोडले. "मेल्या मानसावर रायचं घर उठवायचं नाय, बाय. आमी नाय करत." दुसरा आणला, तोही तसाच गेला. जागा विकून टाकावी म्हटलं तर कबर असलेली जागा घेणार कोण? आईच्या बांगड्या जमिनीत, घर रेघांमध्ये, आणि घरमालक रोज आठवण करून देत होता. बाबांचं म्हणणं, देव काहीतरी करील. मी त्यांना एकदा ताडकन म्हटलं की देवाने काय करायचं ते केलं, जे नको ते तुम्ही केलं. त्यांनी मला मारायला हवं होतं. मारलं नाही, नुसती मान हलवली, आणि त्याने मला आणखीच राग आला.

त्या दिवसांत आई रविवारी उपासनेला बसेनाशी झाली. चहा ठेवायची आणि अंगणात जाऊन नळाशी कपडे धुवायची. घिवलीहून एक मासेवाली मावशी यायची. ती टोपली उतरवून आईला म्हणाली, "त्या पोराला तुज्या घरवाल्यानं सोताच्या हातानं आंगोल घातली, बाय. आमी बगत होतो." आईने त्या दिवशी घासाघीस न करता बोंबील घेतले. पण बाबांना ती काही बोलली नाही.

मग एका संध्याकाळी जेवताना बोलली. अगदी शांतपणे, वाढता वाढता. तुम्हीच सांगता ना, म्हणाली, की देह म्हणजे उतरवून ठेवलेला सदरा, माणूस तर निघून जातो. "मग तो सदरा उचला आणि जागेच्या कोपऱ्यात नीट ठेवा. मला माझं घर पाहिजे."

मी ताटातून मान वर केली. बाबांचा घास हातातच राहिला होता. त्यांच्या इतक्या वर्षांच्या उपदेशांतून आईने नेमका तो एक बाहेर काढला होता आणि ताटाशेजारी मिठासारखा वाढला होता. मनात म्हटलं, बरं झालं. मी पूर्णपणे आईच्या बाजूची होते. मरणाचं काही वाटून घेऊ नका असं सगळ्यांना सांगणारा माणूस, पण त्या पोराची माती हलवायची म्हटल्यावर त्याला दरदरून घाम फुटला होता. मी बघितला तो घाम. मग ते म्हणाले, त्याची आई येईल तेव्हा तिला विचारू. ती हो म्हणाली तर मी स्वतः खणीन.

पावसाळा सरल्यावर त्याच्या गावाहून निरोप आला की पोराची आई आणि मामा येतायत.

आईने तेव्हापासून एक हिंदी वाक्य पाठ करायला घेतलं. तिचं हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरतं. "इसको थोड़ा उधर करेंगे, बहुत संभालके करेंगे." कणीक मळताना, कपडे पिळताना, तिचं तेच चाललेलं असायचं. ती वाईट नव्हती हो. नवी कबर कुठे करायची तेही तिने बघून ठेवलं होतं, वाडीच्या कुंपणाशी, करंजाच्या सावलीत. गवंड्यालाही विचारून झालं होतं. कबर हलली तर तो दुसऱ्या दिवशी कामाला यायला तयार होता. पावसाने रेघा धुऊन गेल्या होत्या, त्या आईने पुन्हा फक्की टाकून काढल्या. पायाचे दगड येऊन पडले, दोरी ताणली गेली. म्हणजे सगळं त्या बाईच्या एका हो वर येऊन थांबलं होतं.

ती आली. माझ्या आईहून लहान असेल, पण म्हातारी दिसत होती. अनवाणी, लाल काठाची पांढरी साडी, हातभर गोंदण. तिला हिंदी फारसं येत नव्हतं, मामा दोन्हीकडचं सांगायचा. इतक्या लांबचा प्रवास करून आली होती, तरी आमच्या खोलीत पाण्याला तोंड लावलं नाही. आधी जागा, म्हणाली. मग आम्ही रिक्षात दाटीवाटीने बसून निघालो आणि बाबा मागून सायकलने आले.

ती कबरीशी बसली आणि दोन्ही हातांनी माती चाचपत राहिली. वर गवत उगवलं होतं, ते तिने उपटलं नाही. रडली नाही. मग तिने मान वर केली आणि आजूबाजूला बघितलं. चर बघितला, दगड बघितले, दोरी बघितली. उठून पांढऱ्या रेघांवरून नजर फिरवत एक चक्कर मारली आणि मामाला काहीतरी विचारलं. आईने घसा खाकरला. वाक्य तिच्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. तेवढ्यात मामा आमच्याकडे वळला.

"ये पूछ रही है," तो म्हणाला, "इसके लिए घर बना रहे हैं क्या?"

आम्हाला काही कळेचना. तेव्हा त्याने समजावलं. त्यांच्याकडे मेलेला माणूस गावाबाहेर परक्या रानात एकटा टाकत नाहीत. आपल्या माणसांत, आपल्या गावात, मोठ्या दगडाखाली ठेवतात, ख्रिस्ती झाले तरी ते सुटलेलं नाही. गाडीत सगळा वेळ तिने एकच धोशा लावला होता, की पोराला कुठेतरी उघड्यावर टाकून दिलं असेल. आणि इथे येऊन बघते तर अनोळखी लोकांनी त्याच्याभोवती भिंती उठवायला घेतल्यायत.

मी बाबांकडे बघितलं. बाबा आयुष्यात खोटं बोललेले नव्हते, आणि त्यांचं तोंड उघडत होतं. ते खरं सांगणार होते. आईने त्यांचं मनगट धरलं, असं की तिची बोटं पांढरी झाली.

"हाँ," ती म्हणाली. "बना रहे हैं."

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ही माझी आई? जी चार महिने फक्त याच एका गोष्टीसाठी धुमसत होती? त्या बाईने वाकून आईच्या पायांना हात लावले. आईने तिला उठवलं. मग त्या बाईने आणखी काही विचारलं आणि मामा म्हणाला, दार कुठे येणार ते विचारतेय.

आणि आईने दाखवलं. तिचा हात धरून ती त्या रेघांमधून चालायला लागली. इधर दरवाजा. इधर से अंदर आने का. ओट्याच्या जागेशी आल्यावर ती थांबली. मग म्हणाली, "इधर... इधर बैठने का. कोई आया तो." पुढे माझी खोली. तिथे ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "इधर खिड़की. हवा बहुत अच्छा आता." ती बाई दर ठिकाणी उभी राहून मान हलवत होती, जसं काही तिच्या मुलाने नवी जागा घेतलीय आणि ती बघायला आलीय. खिडकीच्या जागी मात्र तिचा बांध फुटला. आई तिला धरून उभी राहिली, आणि मग आईही रडायला लागली. मी रेघेबाहेर उभी होते.

दुसऱ्या दिवशी ते दोघं गाडीत बसले. स्टेशनवरून घरी आल्या आल्या मी आईवर तुटून पडले. तू असं बोललीसच कशी, आता आपण जायचं कुठे, माझी खोली तुझ्या एकटीची होती का द्यायला, तोंडाला येईल ते बोलले. आई स्टोव्हला पिन करत होती. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली की मालकाला भाडं वाढवून देऊ, ऐकलं नाही तर दुसरी खोली बघू. आणि बाबांना म्हणाली, गवंड्याला निरोप धाडा. माणसं राहणार नाहीत म्हटल्यावर तो नाही म्हणणार नाही. भिंती, वर पत्रा, सांगितलंय तिथे दार, आणि ती खिडकी.

बाबा दारात उभे होते. थक्क व्हायची पाळी आता त्यांची होती. ते हळूच म्हणाले, अगं, त्या पोराला कशाला पत्रा आणि खिडकी? त्याला तर वर घर मिळालंय.

आईने काडी ओढली, स्टोव्ह पेटवला.

"त्याला मिळालंय हो," ती म्हणाली. "त्याच्या आईला अजून मिळालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पाळीवर जायच्या आधी बाबा स्वतःच गवंड्याच्या दारात जाऊन उभे राहिले.